अत्याचारानंतर ती गप्प का राहते?

मधुमेह, रक्तदाब, सर्पदंश अशा विषयांवरचा लेख सकाळच्या चहाबरोबर घरात मोठ्याने वाचता येतो. आजचा लेख बहुधा तसा वाचला जाणार नाही. विषय महाविद्यालयीन मुलींवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचा आहे. त्यातही अत्याचार झाल्यानंतर त्या मुलीच्या शरीरात आणि मनात काय घडते, ती कशी वागते आणि आपण तिच्याशी कसे वागावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. हा विषय पोलिसांचा आणि वकिलांचा आहे, डॉक्टरचा नाही, असे काहींना वाटेल. पण तापाइतकाच, अस्थिभंगाइतकाच तो आरोग्याचा विषय आहे. त्यात उपचार आहेत, वेळेचे महत्त्व आहे आणि चुकीच्या उपचाराने होणारे नुकसानही आहे.

शहागड हे महामार्गावरचे गाव. येथली मुले-मुली बारावीनंतर अंबडला, गेवराईला, जालन्याला, छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातात. कोणी रोज बसने ये-जा करते, कोणी वसतिगृहात, तर कोणी तिघी-चौघी मिळून भाड्याच्या खोलीत राहतात. मुली शिकू लागल्या ही आपल्या भागातली फार मोठी गोष्ट आहे. ती टिकवायची असेल, तर या विषयावर बोलणे भाग आहे.

वर्तमानपत्रात अशा घटनेची बातमी आली की पारावर, टपरीवर तेच तीन प्रश्न निघतात. ती ओरडली का नाही? दुसऱ्या दिवशी कॉलेजला कशी गेली? आणि इतके दिवस गप्प का बसली? विचारणारे सगळेच वाईट मनाचे नसतात. त्यांना खरेच कोडे पडलेले असते. या तिन्ही प्रश्नांना वैद्यकशास्त्राकडे उत्तरे आहेत. ती एकेक पाहू.

ती ओरडली का नाही?

आपल्या डोळ्यांसमोर असते ते चित्र असे : अंधारी वाट, अनोळखी गुंड, झटापट, फाटलेले कपडे, आरडाओरडा. वस्तुस्थिती निराळी आहे. २०२१ साली देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी शंभरात पंच्याण्णवहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा होता. म्हणजे मित्र, वर्गातला मुलगा, नातेवाईक, शेजारी, शिकवणीचा मास्तर, लग्नाचे वचन दिलेला तरुण. ज्याच्यावर विश्वास टाकला तोच असे करतो आहे हे मनाला उमगेपर्यंतच वेळ निघून जातो.

दुसरे कारण शरीराचे आहे. संकट आले की माणूस लढतो किंवा पळतो, असे आपण शाळेत शिकलो. तिसराही एक प्रकार आहे : गोठणे. महामार्गावर ट्रकचा उजेड डोळ्यांवर पडला की वासरू रस्त्याच्या मधोमध थिजून उभे राहते, हे आपण पाहिले आहे. त्याला पळायचे नसते असे नाही. मेंदूतील भीतीचे केंद्र त्या क्षणी शरीराचा ताबा घेते आणि हातपाय, आवाज काहीच ऐकत नाही. माणसाचेही तसेच होते. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे अत्याचारानंतर महिनाभराच्या आत रुग्णालयात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी आपले शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचे सांगितले. अशा गोठलेल्या स्त्रियांना पुढे मानसिक आघाताचा त्रास इतरांपेक्षा जास्त झाला, असेही त्यात दिसले. म्हणजे जी ओरडली नाही तिला कमी लागले, असे मुळीच नाही.

ही गोष्ट न समजल्यामुळे आपल्या महाराष्ट्रात एक फार मोठा अन्याय घडलेला आहे. १९७२ साली विदर्भातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. कायद्याच्या इतिहासात हे प्रकरण मथुरा खटला म्हणून ओळखले जाते. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले; पण पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याची खूण नाही, या गोष्टी त्या निकालात तिच्याविरुद्ध गेल्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. गप्प राहणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला मुद्दा होता. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीत स्पष्टच लिहिले गेले की, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे वाक्य कायम आहे. कायद्याला जे पटले, ते पारावर पटायला आता हरकत नसावी.

दुसऱ्या दिवशी ती साधी कशी वागते?

अमेरिकेतील बोस्टन शहरात परिचारिका अॅन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होमस्ट्रॉम यांनी रुग्णालयात आलेल्या अत्याचारग्रस्त स्त्रियांची पाहणी करून १९७४ साली एक निबंध लिहिला. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास बराचसा तेथून सुरू झाला. त्यांना असे आढळले की, काही स्त्रिया रडतात, थरथरतात, संतापतात. तर तितक्याच स्त्रिया अगदी शांत, निर्विकार दिसतात. या दुसऱ्या प्रकारच्या मुलीला पाहून लोक म्हणतात, 'हिला काहीच झालेले दिसत नाही.' प्रत्यक्षात तिचे मन बधिर झालेले असते. घरात मयत झाल्यावर एखादी बाई अजिबात रडत नाही, स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसते, तेव्हा जाणती माणसे म्हणतात, 'हिला रडवा, नाहीतर हिचे काही खरे नाही.' तीच ही अवस्था.

अशी मुलगी दुसऱ्या दिवशी तासाला बसते, प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करते. त्या मुलाच्या संदेशाला उत्तरही देते. काही घडलेच नाही असे वागले की कदाचित ते घडलेलेच नसेल, असा मनाचा केविलवाणा प्रयत्न असतो. पुष्कळ मुली तर जे झाले त्याला बलात्कार हे नावच देत नाहीत. मेरी कॉस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतील ३२ शिक्षणसंस्थांतील ६,१५९ विद्यार्थ्यांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध केली. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्यांच्यावर बलात्कार झाला होता, त्या मुलींपैकी साधारण चौघींत एकच मुलगी त्याला बलात्कार म्हणत होती. दर दहांत चौघींनी ते कधी कोणालाच सांगितले नव्हते. पोलिसांकडे गेलेल्या शंभरात पाच. देश वेगळा, चालीरीती वेगळ्या. पण मुलीच्या मनाची घडण वेगळी नाही.

आठवणींचेही तसेच. भेदरलेला मेंदू सगळा प्रसंग ओळीने साठवत नाही. भिंतीचा रंग, बाहेर वाजणारे गाणे, अत्तराचा वास एवढेच लख्ख आठवते. वेळ किंवा क्रम आठवत नाही. आज सांगितले त्यात उद्या थोडी भर पडते. याचा अर्थ ती रचून सांगते असा होत नाही.

इतके दिवस ती गप्प का बसते?

याचे उत्तर मात्र तिच्या शरीरात नाही, आपल्यात आहे. १९९४ साली जळगावचे प्रकरण उघडकीस आले, ते पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. मुलींना जाळ्यात ओढायचे, छायाचित्रे काढायची आणि त्यांच्या धाकावर पुन्हा पुन्हा अत्याचार करायचे, असा तो प्रकार होता. अरविंद इनामदार, मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्यासारखे नावाजलेले पोलीस अधिकारी तपासाला होते. तरीही तक्रार द्यायला पुढे आलेल्या मुली मोजक्याच होत्या. साक्षीअभावी खटले कमकुवत झाले आणि अनेक आरोपी सुटले. त्या काळात जळगावची मुलगी म्हटले की लोक स्थळ नाकारत, अशी चर्चा होती. ज्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता अशा मुलींनाही त्याची झळ लागली. अशा गावात कोणती मुलगी तोंड उघडेल? मुलींच्या गप्प राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा गुन्हेगारांना झाला, आणि तो आपण सर्वांनी मिळून करून दिला.

आता याची दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका तरुण छायाचित्रकार मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. ती त्याच दिवशी रुग्णालयात पोचली आणि तिने तक्रार दिली. ते पाहून आणखी एक तरुणी पुढे आली. तिच्यावर त्याच जागी जुलैत अत्याचार झाला होता आणि महिनाभर ती गप्प होती. मार्च २०१४ मध्ये दोन्ही खटल्यांत आरोपी दोषी ठरले. एक बोलली म्हणून दुसरीला बोलता आले आणि महिनाभराचा उशीरही न्यायाच्या आड आला नाही.

आमच्यासारख्या गावातल्या डॉक्टरकडे अशी मुलगी खरे कारण सांगत येत नाही. 'पोट दुखते', 'झोप येत नाही', 'पाळी चुकली', 'चक्कर येते' असे सांगते. शेजारी आई बसलेली असते. म्हणूनच डॉक्टरने मुलीशी दोन मिनिटे एकटीशी बोलू देण्याची विनंती केली, तर आईवडिलांनी त्याचा राग मानू नये. मोकळ्या मनाची हुशार मुलगी एकदम अबोल झाली, सुट्टी संपल्यावर परत जायला नको म्हणू लागली, अभ्यासात अचानक मागे पडली, रात्री दचकून उठू लागली, जेवण टाकू लागली, तर 'कुणाच्या प्रेमात पडलीस का' असे दरडावण्याआधी तिच्याजवळ बसावे.

पहिले वाक्य जपून बोला

घडलेली गोष्ट मुलगी ज्याला सर्वप्रथम सांगते ते माणूस बहुतेक वेळा मैत्रीण, बहीण किंवा आई असते. या माणसाचे पहिले वाक्य हे औषधही असते आणि विषही. ज्या मुलींना दोष दिला जातो, ज्यांच्यावर अविश्वास दाखवला जातो, त्यांना पुढे मानसिक त्रास अधिक होतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

शेतात कोणाला साप चावला, तर 'तू अंधारात बांधावर कशाला गेलास' असे विचारत आपण बसत नाही. आधी त्याला धीर देतो आणि दवाखान्यात नेतो. येथेही तसेच करावे. 'माय, तू सांगितलेस हे बरे केलेस. यात तुझी चूक नाही. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.' एवढी तीन वाक्ये पुरेत. 'त्याच्याबरोबर गेलीसच कशाला', 'कपडे कोणते होते', 'आता आमचे तोंड काळे झाले' ही वाक्ये गिळून टाकावीत. तिला ओढून-ताणून सगळा प्रसंग पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. भाऊ आणि वडिलांनी काठ्या घेऊन धावू नये. त्या मारामारीच्या भीतीनेच कित्येक मुली घरी सांगत नाहीत. शिक्षण बंद करणे आणि घाईने लग्न उरकणे हे तर तिला झालेल्या गुन्ह्याची शिक्षा तिलाच देणे होय. त्याच मुलाशी लग्न लावून देणे हा 'तोडगा' त्याहून भयंकर.

दवाखान्यात वेळ महत्त्वाची

जमल्यास अंघोळ करण्याआधी आणि कपडे धुण्याआधी रुग्णालयात जावे. अंगावरचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता कागदात गुंडाळून न्यावेत. पुरावा साधारण तीन-चार दिवसांपर्यंत मिळू शकतो. अंघोळ झाली असेल, उशीर झाला असेल, तरीही जावे, कारण उपचार पुराव्यासाठी नसतात, मुलीसाठी असतात.

गर्भधारणा टाळण्याची गोळी (लेव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकच) जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, ७२ तासांच्या आत तिचा चांगला उपयोग होतो. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधेही ७२ तासांच्या आत, शक्य तर पहिल्या काही तासांतच सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. याखेरीज कावीळ 'ब' ची लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, गुप्तरोगांवरची औषधे जरुरीप्रमाणे दिली जातात. दोन-तीन आठवड्यांनी लघवीची गर्भतपासणी करावी. गर्भ राहिलाच, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार अशा स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो. गावठी उपाय करून जीव धोक्यात घालू नये.

हा उपचार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत द्यायचा आहे. नाकारल्यास तो गुन्हा आहे. पोलिसांचे पत्र आणा, मग तपासू, असे कोणी म्हणू शकत नाही. तपासणी मुलीच्या संमतीनेच होते. कौमार्यपडदा आणि दोन बोटांची ती जुनी अपमानास्पद चाचणी यांना शास्त्रात काहीही आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्यावर कडक ताशेरे ओढले आहेत. ही तपासणी सुधारावी म्हणून सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला, हे आपल्या राज्याला भूषणावह आहे.

तक्रार कोठे आणि कशी

रुग्णालय घटनेची माहिती पोलिसांना कळवते. पण सज्ञान मुलीने तक्रार द्यायची की नाही हे तिने ठरवायचे असते, आणि तिने नकार दिला तरी उपचार थांबत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलगी किंवा मुलगा असेल, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. घटना संभाजीनगरात घडली आणि मुलगी गावी आली असेल, तरी जवळच्या ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. हद्दीचे कारण चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलीचे नाव छापणे, पसरवणे हा गुन्हा आहे. मोबाईलवर तिचे छायाचित्र पुढे पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे २०१३ च्या कायद्याने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी सक्तीचे आहे. तिच्याकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. मुलीला प्रवेश घेताना आपण फी, खोली, खानावळ यांची चौकशी करतो. त्याच वेळी या समितीवर कोण आहे, तेही विचारून घ्यावे.

हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत : तातडीची मदत ११२, महिला मदतवाहिनी १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर सल्ला १५१००, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. राज्य शासनाच्या २०१३ पासूनच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही मिळते; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

ही जखम भरते

'तिचे आयुष्य संपले' हे वाक्य आपण सहज बोलतो. ते खोटे आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात ९५ स्त्रियांवर काही महिने लक्ष ठेवले होते. पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ सर्वांना, म्हणजे ९४ टक्के स्त्रियांना, तीव्र मानसिक आघाताची लक्षणे होती; तीन महिन्यांनी ती निम्म्याहून कमी स्त्रियांत उरली. पहिले काही आठवडे दुःस्वप्ने, दचकणे, चिडचिड हे अपेक्षितच असते. महिन्यानंतरही ते कमी झाले नाही, जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. बोलण्याचे विशिष्ट उपचार आणि गरज पडल्यास औषधे यांनी गुण येतो. मरणाची भाषा काढली, तर तिला एकटे ठेवू नये आणि उद्याची वाट पाहू नये.

मुलग्यांवरही असे अत्याचार होतात आणि ते मुलींपेक्षाही कमी बोलतात. वरचे सगळे उपचार, जिथे लागू आहेत तिथे, त्यांनाही तितकेच लागू आहेत.

शेवटी मुलग्यांच्या आईवडिलांसाठी चार शब्द. आपण मुलींना 'सांभाळून राहा' असे हजारदा सांगतो. मुलग्याला 'नाही म्हणजे नाही, आणि गप्प राहणे म्हणजे हो नव्हे' हे एकदा तरी सांगितले आहे का? या आठवड्यात जेवायला बसल्यावर सांगून पाहावे. आणि मुलीलाही एक गोष्ट सांगून ठेवावी : बाळा, काहीही झाले, कितीही उशिरा वाटले, तरी आधी घरी सांग. आम्ही आधी तुला जवळ घेऊ, प्रश्न नंतर विचारू.